हुकावरचं वजन

वडघर, पनवेल
शनिवार, १२ जुलै

प्रणित,

तू आधी बाबांचा नंबर ब्लॉक केलास, मग माझा, मग धनेशचा. माझ्या नवऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं ते त्याला अजून कळलेलं नाही. तो बिचारा तुला रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवायचा, एवढाच त्याचा गुन्हा. मागच्या महिन्यात मी तुझ्या बिल्डिंगखाली आले, तर वॉचमनने वर फोन लावला आणि मला म्हणाला, "सर घरी नाहीत." गॅलरीत टॉवेल वाळत होता आणि टॉवेलखाली दोन पाय दिसत होते. तुझे पाय मी ओळखते.

म्हणून हे पत्र. वडघरहून कामोठ्याला, पोस्टाने. रिक्षात बसलं तर पोचेपर्यंत तोंडातली गोळी विरघळत नाही, एवढ्या अंतरावरच्या सख्ख्या भावाला तिकीट लावून कागद पाठवायची वेळ आपल्या घरात तू आणलीस. पाकीट चाचपू नकोस, यात राखी नाही. दर वर्षी पाठवते, दर वर्षी पोच नाही. या वर्षी मी पाठवणार नाही.

कामाचं सांगते. गणपती झाले की बिल्डर घर पाडणार. बाबांनी सही केली. घराच्या जागी सात मजले येतील, पण अंगणात ताडपत्रीखाली झोपलेली होडी कुठे जाणार, ते काही बिल्डरच्या नकाशात नाही. आपल्या बाजूची खाडी तर केव्हाच बुजली. तेव्हा बाबांनी जाहीर केलंय की होडी मोऱ्याला भामाआत्याकडे जाणार, तिच्या दारात बंदर आहे, आणि नारळी पुनवेला पाण्यात उतरणार. जाहीर केलंय म्हणजे कुणाला विचारलेलं नाही. खाडीचं पाणी हाताला लागलं नाही तर या वर्षी आपण टिकत नाही, असंही एकदा बोलून गेले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मी म्हटलं, क्रेनवाला ट्रक बोलावू. तर म्हणाले, "क्रेननं होडी उचलतान काय? मागल्या टायमाला उचलली, तवा तिची बरगडी गेली. ट्रॉलीवर जाईल ती." म्हणजे तुझी ट्रॉली आणि तुझी जिप्सी. गॅरेजवाल्याने सरळ करून दिल्यापासून ती मागच्या गल्लीत उभी आहे, मांजरं बाळंत होतात तिच्यात. चालवणार कोण? धनेशला चढणीला गाडी थांबली की घाम फुटतो. राहिले मी.

तीन वर्षांपूर्वी तू होडी नेत असताना गव्हाण फाट्याच्या पुढच्या उतारावर जे झालं त्याबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण त्याला वळसा घालून या पत्रात पुढे जाता येत नाही. होडी मागून डोलायला लागली, जिप्सीला घेऊन फिरली, दोन्ही खड्ड्यात गेल्या आणि बाबांची मांडी मोडली. दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, की चिखलात जीप नाचवणारा पोरगा रस्त्यावरही नाचवायला गेला. बाबा शुद्धीवर आल्यावर तेही तेच बोलले, "पोरगा जोरात व्हता." तू एक शब्द बोलला नाहीस. त्यांना घरी सोडल्यावर दिपिकाला आणि सगळा संसार घेऊन कामोठ्याला निघून गेलास. तू बोलला असतास तर मी निदान भांडले असते. मुक्या माणसाशी भांडायचं कसं?

मला दोन गोष्टी हव्यात. हुकाला आडवी बसते ती जाड पिन सापडत नाही, ती तुझ्याकडेच असणार. आणि ट्रॉली जोडलेली असताना गाडी मागे कशी घेतात, ते चार ओळींत लिहून पाठव. वाटलं तर माझं नावसुद्धा लिहू नकोस वर.

ताई


वडघर
रविवार, २० जुलै

प्रणित,

पिन मिळाली. न्हावा शेव्याला आमच्या यार्डाच्या गेटवर कुणीतरी पाकीट ठेवून गेलं. वर माझं नाव, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिन, तीही ग्रीस लावलेली. एक ओळ नाही. म्हणजे तू गेटपर्यंत आलास, मी आत कंटेनरच्या नोंदी करत बसले होते, आणि तू तसाच परत गेलास. ग्रीस लावायला वेळ होता, चार अक्षरं लिहायला नव्हता. मी त्या पिनेवर अर्धा तास चिडले आणि मग डब्यातली पोळी खाल्ली.

पत्र पोस्टात टाकायला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईने पत्ता वाचून माझ्याकडे वर पाहिलं. मी म्हटलं, भाऊ आहे. ती म्हणाली, "मग बरोबर."

मागे घेणं मला जमत नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते, हे मला समजतं. समजतं म्हणून जमतं असं नाही. माझ्या ऑफिसच्या खिडकीसमोर दिवसभर ड्रायव्हर लोक कंटेनरचे ट्रेलर धक्क्याला मागे लावतात, एका हातात मोबाईल असतो. आणि मी एवढीशी होडी घेऊन काल तुळशीवृंदावन पाडलं. धनेश म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मी त्याला दाखवलं की अंगण खरंच वाकडं आहे. शेवटी होडीसकट ट्रॉली हाताने ढकलून फिरवली. तेव्हा ठरवलंय की मी जन्मभर पुढेच जाणार. ज्या गल्लीतून पलीकडे निघता येत नाही त्या गल्लीत शिरायचंच नाही.

बाकी मात्र मी शिकले, आणि कुणाचे उपकार न घेता. गाडी अंगाने हलकी आहे, म्हणून मागचं सगळं ओझं तिच्या निम्म्याच्या आत ठेवलं. ट्रॉलीच्या चाकांची बेअरिंग बदलली. साखळ्या हुकाखालून फुली मारून लावल्या, म्हणजे हूक सुटला तरी ट्रॉलीचा दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल. मागचे दिवे पेटतात, डावा इंडिकेटर मनाला येईल तेव्हा पेटतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मला कळली ती ही की दांड्याने हुकावर थोडं दाबून बसायला हवं. दहा भाग ओझं असेल तर एक भाग तरी हुकावर. ते कमी पडलं की मागची होडी पुढच्या गाडीला हाकायला लागते. मोजायला धनेशचा वजनकाटा दांड्याखाली ठेवला. ज्या काट्यावर तो रोज सकाळी पोट आत घेऊन उभा राहतो, त्याच्यावर ट्रॉली टेकलेली बघून तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

इंजिन मागे आहे, ते काही हलवता येत नाही. म्हणून जाळी, नांगर, दोरांची भेंडोळी, सगळं पुढे नाळेशी बांधलं, होडीच्या अगदी टोकाला. काटा बरोबर आला. पण बाबा खुर्ची टाकून बघत बसलेले. नाळेवर त्यांनी देवीआईचा हार घातलेला, नारळ बांधलेला.

"हितं वजन ठेवतान काय?" म्हणाले. "नाळेवर आई बसते. तिच्या डोक्यावर जाळी टाकाची?"

मी हुकाचं सगळं समजावून सांगितलं.

"आमी काय होड्या हाकल्या नाय? ओझं पाठीला ठेवाचं. होडी नाक वर करून चालते. नाक दाबलं तर लाट आत येते."

"बाबा, उरणच्या रस्त्यावर लाट कुठून येणार?"

"पावसात बघ."

पालथ्या घड्यावर पाणी. मी जाळी पुढेच बांधली आणि ते खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ करून बसले. तुला हे बघायला आवडलं असतं. मला बिलकुल आवडलं नाही.

चार ओळी अजून आलेल्या नाहीत. मागे कसं घ्यायचं?

ताई


वडघर
रविवार, २७ जुलै, संध्याकाळ

प्रणित,

आधी सांगते, आम्ही दोघं धड आहोत. कुणाला काही झालेलं नाही. आता ऐक.

आज होडी जोडून नुसतं फिरून यायचं ठरवलं. रविवार, म्हणून चिरनेरच्या बाजूने गेलो, तिकडे कंटेनर कमी. बाबा शेजारी, सीटबेल्ट लावताना मी त्यांना जेलात टाकल्यासारखा चेहरा. गाडी छान चालली होती. मी जोरात नव्हते, मागून येणारे स्कूटरवालेसुद्धा हॉर्न मारून पुढे जात होते. चिरनेरच्या अलीकडे चहाला थांबलो. टायरांना हात लावून बघितला, पट्टे ओढून बघितले, सगळं जागेवर. मग मी बाथरूम शोधायला गेले. बाईमाणसाला रस्त्यावर ते शोधायला किती वेळ लागतो ते तुला माहीत नाही, दिपिकाला विचार. परत आले तर बाबा गाडीत शहाण्यासारखे बसलेले, बेल्टसुद्धा लावलेला. मला तिथेच संशय यायला हवा होता.

उताराला लागलो आणि स्टिअरिंग हातात हलकं झालं. आरशात होडी डावीकडे दिसली. मग उजवीकडे. मग परत डावीकडे, दर खेपेला आधीपेक्षा जास्त, आणि जिप्सीचा मागचा भाग तिच्याबरोबर जायला लागला. पाय ब्रेकवर चालला होता, तो मी कसा थांबवला ते माझं मला माहीत. ब्रेक नाही, स्टिअरिंगची ओढाताण नाही, नुसता ॲक्सिलरेटर सोडायचा आणि गाडी सरळ धरून ठेवायची, हे घोकून ठेवलेलं तेवढं कामी आलं. समोरून काही आलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. उतार संपला, वेग कमी झाला आणि होडी आपोआप शांत झाली. मी गाडी कडेला घेतली आणि मला आधी रडू आलं, मग राग.

खाली उतरून ताडपत्री वर केली. नाळ रिकामी, नुसता हार आणि नारळ. जाळी, नांगर, दोर, सगळं मागे इंजिनापाशी व्यवस्थित रचून ठेवलेलं.

"बाबा, हे कुणी केलं?"

"मी. टपरीवरच्या दोघांना घेतलं हाताला. नाळ दबली व्हती गो. मना बघवत नव्हतं."

मी काही बोलण्याआधीच ते पुढे म्हणाले, आणि कसे म्हणाले, तर मला शिकवावं तसे. "तवाबी मीच काडलं व्हतं. प्रणित टेप आनाला दुकानात गेलता, तवा. त्यालाबी कळत नाय, तुलाबी कळत नाय. पान्यातल्या गोष्टी तुमच्या यूट्यूबला नसतान."

पाऊस लागला होता. मी ताडपत्रीचं टोक हातात धरून तशीच उभी राहिले. बाबा काचेतून ओरडत होते की भिजतेस कशाला, आत ये.

प्रणित, त्या दिवशी अंगणात जाळी तू पुढे बांधली होतीस. पट्ट्याचं दुसरं टोक मी धरलं होतं, म्हणून मला पक्कं आठवतं. खड्ड्यातून बाबांना ओढून काढताना ती मागे इंजिनाला गुंडाळलेली तू पाहिली असणार. पट्टे स्वतः बांधणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही, हे मला कुणी पटवू शकणार नाही. म्हणजे तुला माहीत होतं. दवाखान्यात आत्या तुला घालूनपाडून बोलत होती, धनेशसुद्धा बोलला, तेव्हा तू भिंतीला टेकून उभा होतास आणि तुला माहीत होतं.

बाप स्ट्रेचरवर आहे, आत्ता नको, असं वाटलं असेल. ते मी समजू शकते. पण नंतर? हा मोठेपणा तुला सांगितला होता कुणी? तू तिकडे गप्प बसलास आणि इकडे या माणसाला कुणी सांगितलंच नाही की काय चुकलं, म्हणून त्याने आज तेच परत केलं. आज मी त्या गाडीत होते.

मी एवढी चिडलेय की अक्षर नीट येत नाही.

ताई


वडघर
मंगळवार, २९ जुलै

प्रणित,

दोन दिवस मी बाबांशी बोलले नाही. ओरडून उपयोग नव्हता. ते मलाच म्हणत होते, "रस्ता खराब व्हता, आनि तू ब्रेक लावाला पायजे व्हता." आज कामावरून आले आणि त्यांना अंगणात बोलावलं. ट्रॉली हुकातून सोडवून ठेवली होती. जाळी अजून मागेच होती.

"दांडा उचला," मी म्हटलं.

"मी? ही तंगडी घेऊन?"

"एका हाताने."

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने दांडा धरला. तो नुसता उचलला गेला नाही, त्यांच्या हातातून वर निघाला. त्यांनाच तो खाली दाबून धरावा लागला.

मग मी आणि धनेशने जाळी पुढे नेली. नांगरही. "आता उचला."

दांडा हलला नाही. काठी टाकून दोन्ही हातांनी बघितलं, तरी नाही. मग म्हणाले, "परत कर." आम्ही परत जाळी मागे नेली. धनेश वैतागला होता, पण त्याने हूं की चूं केलं नाही, हे त्याच्या नावावर लिहून ठेव. बाबांनी पुन्हा दांडा धरला. तो पुन्हा वर आला.

त्यांनी दांडा खाली दाबला, सोडला, परत दाबला.

"म्हंजे हुकाला धराला कायच नव्हतं," म्हणाले.

"नव्हतं."

"गाडी कशी सरळ जाईल मंग?"

मी दांडा त्यांच्या हातातून घेऊन खाली दाबून धरला.

"मंग पोरगा जोरात नव्हता."

"नव्हता, बाबा."

ते ओट्यावर जाऊन बसले. रात्री सुक्या बोंबलांचं केलं होतं, त्यांच्या आवडीचं. ताट तसंच राहिलं. मला वाटलं होतं की त्यांना कळलं की मला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. आयुष्यभर पाण्यात जे बरोबर होतं ते रस्त्यावर चूक कसं, हे त्या माणसाला विचारायचं होतं, पण कुणाला विचारणार? तुला विचारलं असतं, तर तू ब्लॉक केलेलं.

आता तू तरी फोन कर. त्यांना कळलंय. आता लपवायला काही राहिलेलं नाही.

ताई


वडघर
मंगळवार, ५ ऑगस्ट

प्रणित,

फोन आला नाही. अर्थात.

मी बाबांना म्हटलं, चला कामोठ्याला जाऊ, मी नेते. तर म्हणाले, "बाप जातो काय लेकाच्या दारात? तो लहान हाय. त्यानं याचं." मी म्हटलं, चूक कुणाची? तर म्हणाले, "चूक माझीच. पन लहान तो हाय." या वाक्याला उत्तर असेल तर मला कळव.

खाण तशी माती. तू तिकडे तोंडाला कुलूप लावून बसलास, हे इकडे ओट्यावर तोंड फिरवून. माझी तुमच्या दोघांमधली ती पिन झालीये, आणि मला तर कुणी ग्रीससुद्धा लावत नाही.

खरं सांगू? बाबा आता होडीचं नावच काढत नाहीत. आत्याने मोऱ्याहून फोन केला, जागा साफ केलीये, पुनवेला दुपारी भरती आहे, वेळेत या म्हणून. त्यांनी फोन माझ्याकडे दिला. काल म्हणाले, "ती होडी कुनाला तरी देऊन टाक. जिनं लेक नेला तिला कशाला पान्यात घालू?" मी खूप ओरडले. म्हटलं, होडीने काही नेलं नाही, तुम्ही दोघांनी नेलं. त्यावर ते काठी घेऊन आत निघून गेले. माझ्या जिभेला हाड नाही, हे तू लहानपणापासून सांगत आलास.

मला भीती वाटते, प्रणित. खाडीचं पाणी हाताला लागलं नाही तर टिकत नाही म्हणाले होते. आता ते स्वतःच नको म्हणताहेत. शनिवारी, पुनवेला, होडी गेली नाही तर ती कधीच जाणार नाही, आणि त्यानंतर ते या ओट्यावर कशासाठी उठून बसतील ते मला माहीत नाही. तुझ्यावर मी एवढी चिडलेली असताना हे लिहावं लागतंय, हे मला अजिबात आवडत नाही. शनिवारी ये. सकाळी. कुणी काही बोलणार नाही, मी आत्याचंसुद्धा तोंड बांधीन.

मागे कसं घ्यायचं ते अजूनही लिहिलेलं नाहीस.

ताई


कामोठे, तुझ्या बिल्डिंगखाली
शनिवार, ९ ऑगस्ट

प्रणित,

कागद नाही म्हणून ट्यूशन क्लासच्या जाहिरातीमागे लिहितेय, जिप्सीच्या बॉनेटवर ठेवून. हा वॉचमनच्या हाती वर येईल. त्याने आम्हाला आल्या आल्या सांगितलं, सर घरी नाहीत.

सकाळी तुझी वाट बघितली. तू आला नाहीस. मी ताडपत्री परत घट्ट करायला अंगणात गेले, तर बाबा आधीच तिथे. आंघोळ करून, पांढरा सदरा घालून. नाळेवरचा हार त्यांनी काढून हातात घेतला होता. मला वाटलं, संपलं, होडी विकायला निघाले. तर ते नाळेला हात लावून म्हणाले, "आई, आज तू पुढं गाडीवर बस. हितं आज ओझं ठेवाचं हाय." आणि हार आणून त्यांनी जिप्सीच्या बॉनेटवर घातला. मग जाळी पुढे ओढायला लागले, एकटेच. मी हात लावला तर म्हणाले, "मना करू दे. मीच काडली व्हती." नांगर तेवढा मला उचलू दिला. शेवटी स्वतः धनेशचा काटा मागवून दांड्याखाली ठेवायला लावला आणि चष्मा पुसून आकडा बघितला.

हायवेला आलो. मी उरणच्या बाजूला वळणार, तर म्हणाले, "कामोठ्याला घे."

"बाबा, ट्रॉली घेऊन? तिथे रिक्षा वळत नाही."

"घे बोललो ना."

"आणि लहान त्याने यायचं होतं ना?"

"तू गाडी चालव," म्हणाले.

वाटेत होडी एकदाही डोलली नाही. मी आरशात बघत होते आणि बाबाही त्यांच्या बाजूच्या आरशात बघत होते.

तर मी तुझ्या गल्लीत शिरले, आणि तुझी गल्ली पुढे बंद आहे हे मला आत आल्यावर कळलं; मागच्या वेळी चालत आले होते, पुढे काय आहे ते बघितलंच नव्हतं. पुढे भिंत, मागे होडी, होडीमागे रिक्षा, रिक्षामागे क्लासच्या सायकली. मागे घ्यायचा दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा ट्रॉली तुमच्या सोसायटीच्या गेटकडे निघाली, दुसऱ्यांदा एका स्कूटीकडे. मग मी इंजिन बंद केलं. वरून लोक बघताहेत, तुझ्या गॅलरीत मात्र नुसता टॉवेल आहे. कुणीतरी व्हिडिओ काढतंय. भरती दुपारची आहे आणि मला इथून हलता येत नाही.

बाबांना विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "लिही, जाळी बापानं काडली. आनि जोरात व्हता असं बापच बोलला. दोन्ही माझं." मी म्हटलं, आणखी काही? म्हणाले, "बस. हेच तीन वरसं राहिलं व्हतं."

आता ते खाली उतरून ट्रॉलीपाशी उभे आहेत, एक हात नाळेवर, दुसऱ्या हातात काठी. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला आणि उतरून आला. म्हणाला, "काका, किती वेळ? गाडी काढा ना." बाबा त्याला म्हणाले, "जरा दम धर बाबा. आमचा डायवर वरती राहतो. येतोच हाय तो."

किल्ली गाडीलाच आहे. राखी माझ्या पर्समध्ये आहे, हातात बांधीन, पोस्टाने नाही. उत्तर लिहू नकोस.

घरी नसलास तरी खाली ये.

ताई